विद्यापीठातलं जाहीर व्याख्यान: ताळगावच्या पठारावर श्रोता म्हणून जाताना

गोवा विद्यापीठात एखादं चांगलं व्याख्यान आहे असं सांगितलं की पेडण्यापासून काणकोणपर्यंत बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आम्हाला आत सोडतील?’

सोडतात. व्याख्यान जाहीर असेल तर सहसा तिकीट नसतं आणि तुमचं शिक्षण कुणी विचारत नाही. गेटवर रखवालदाराने हटकलंच तर विभागाचं नाव आणि वेळ सांगितली की बहुधा भागतं. अडचणी वेगळ्याच आहेत. व्याख्यान आहे हे वेळेवर कळत नाही. कळलं तरी ते आपल्या उपयोगाचं आहे का, हे शीर्षकावरून उमगत नाही. आणि जाऊन बसलं की दहाव्या मिनिटाला पडद्यावरचे आलेख बघून माणूस मनाने केव्हाच घरी पोचलेला असतो. तिन्हींवर उपाय आहेत. माझं विचाराल तर तासाभराच्या व्याख्यानाइतकंच मोल आदल्या दिवशीच्या अर्ध्या तासाला आणि व्याख्यानानंतरच्या वीस मिनिटांना आहे, आणि लोक नेमकं तेवढंच टाळतात.

कुठे काय चालतं

गोवा विद्यापीठ 1985 साली स्थापन झालं. ताळगावच्या पठारावर सतीश गुजराल यांनी आराखडा केलेल्या त्या इमारतींत भाषा, समाजशास्त्रं, विज्ञानं, वाणिज्य, कायदा असे सगळे विभाग आहेत. मराठीचा विभाग शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळेत आहे, इतिहासाचा डी. डी. कोसंबी यांच्या नावाच्या महाशाळेत. बाहेरच्या माणसाने आधी ज्यावर नजर ठेवावी ती गोष्ट म्हणजे अभ्यागत संशोधन प्राध्यापकांचा उपक्रम. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या पाठबळावर कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, दयानंद बांदोडकर अशा नावांची अध्यासनं तिथे उभी राहिली. बाहेरून आलेले विद्वान काही दिवस किंवा आठवडे राहतात, छोटे अभ्यासक्रम घेतात, जाहीर व्याख्यानं देतात. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे घराघरात पोचलेले माधव गाडगीळ याच कोसंबी अध्यासनावर होते. हे अभ्यासक्रम नावनोंदणी करून बाहेरच्यांनाही करता यावेत अशी प्रथा आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

पठाराच्या आसपासही बरंच काही आहे. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासूनची. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या ठाण्यांचा कारभार तिथून चालतो. इतिहासाची गोडी असेल तर पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याची सुरुवात 1832 सालची. दोनापावललाच इंटरनॅशनल सेंटर. कोसंबींच्या जन्मशताब्दीनंतर सुरू झालेला विचार महोत्सव हा याच कुळातला, फक्त तो उत्सवी आहे. कला अकादमीच्या मोठ्या सभागृहात नामवंत वक्ता ऐकणं निराळं आणि विभागाच्या खोलीत तीस जणांत बसून संशोधकाला ऐकणं निराळं. मला दुसरं अधिक आवडतं. तिथे प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा पुरवता येतो.

एक फरक ध्यानात ठेवा. विद्यापीठाचा परिसर मोकळा आहे, पण समुद्रविज्ञान संस्थेसारख्या सरकारी प्रयोगशाळेत गेटवर नोंद करावी लागते. ओळखपत्र जवळ नसेल तर परतीची वाट. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास अशा संस्था लोकांसाठी दारं उघडतात. मुलांना न्यायचं असेल तर तोच मुहूर्त धरा. एरवीच्या तज्ज्ञ व्याख्यानाला दहा वर्षांच्या पोराला बसवणं म्हणजे त्याला विज्ञानापासून कायमचं तोडणं.

बातमी लागते कशी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सूचना येतात, पण काही वेळा इतक्या उशिरा की सत्तरी तालुक्यातल्या माणसाला निघायलाही सवड राहत नाही. मराठी दैनिकांतल्या ‘आजचे कार्यक्रम’ या चौकटीचंही तसंच. नावच ‘आजचे’ असल्यावर काय बोलणार!

भरवशाचा मार्ग म्हणजे माणसं. आपल्याला ज्यात रस आहे असा एकच विभाग निवडा आणि तिथल्या कार्यालयात दुपारच्या जेवणाची वेळ टाळून एकदा जाऊन या. ‘मी विद्यार्थी नाही, पण तुमच्याकडे व्याख्यानं असतात ती ऐकायला आवडतील, कळवाल का?’ एवढंच विचारायचं. श्रोते कमी पडतात ही विभागांची जुनी व्यथा आहे, त्यामुळे नकार सहसा येत नाही. मेल यादीत नाव घालतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात घेतात. शिवाय प्रत्येक व्याख्यानाला दाराशी हजेरीची वही ठेवलेली असते. तिच्यात मेलचा पत्ता सुवाच्य लिहा. सही केल्यासारखा फराटा ओढलात तर पुढचं निमंत्रण कुणाला तरी भलत्यालाच जाईल.

हंगामाचंही गणित असतं. सत्र ऐन भरात असतं ते दिवस, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि जानेवारी ते मार्च, सुगीचे. चवथीच्या आठवड्यात कुणी व्याख्यान ठेवत नाही. ठेवलंच तर ऐकायला कुणी जात नाही. नोव्हेंबरात इफ्फीमुळे पणजीत पाऊल ठेवायला जागा नसते. डिसेंबर फेस्त, मुक्तिदिन आणि नाताळात जातो. एप्रिल-मे परीक्षांचे.

सूचनापत्रक वाचायचं कसं

पत्रकावर आधी शीर्षक बघू नका, प्रकार बघा. ‘पब्लिक लेक्चर’ किंवा ‘जाहीर व्याख्यान’ असेल तर वक्त्याने सर्वसामान्य श्रोता धरलेला असतो. ‘कलोकियम’ला आजूबाजूच्या विभागांतले प्राध्यापक येतात, विषयाची थोडी ओळख असेल तर जमून जातं. ‘सेमिनार’ म्हणजे त्याच विषयातले लोक आपापसात बोलणार. बंदी नसते, पण तिथे तुमच्यासाठी कुणी थांबत नाही. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा हा आणखी एक प्रकार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे ती बंद दाराआड होत नाही. विभागातले शिक्षक, संशोधक आणि इतर विद्यार्थ्यांना बसता येतं. आपल्या गावावर किंवा व्यवसायावर कुणी प्रबंध लिहिला असेल तर बाहेरच्यांना बसू देतात का हे विभागाला आधी फोन करून विचारा, आणि देत असतील तर जरूर जा. पाच वर्षांचं काम तासाभरात ऐकायला मिळतं आणि परीक्षक त्याच्या दुबळ्या जागा तुमच्यादेखत दाखवतात.

आता शीर्षक. समजा पत्रकावर असं काही छापलंय: ‘सॉइल सॅलिनिटी अँड ऑर्गॅनिक कार्बन इन द खाजन सिस्टिम्स ऑफ द मांडवी एस्च्युअरी’. वाचून दिवाडी बेटावरचा शेतकरी पान उलटेल. खरं तर सभागृहातल्या निम्म्या लोकांपेक्षा हा विषय त्याला जास्त कळतो. फोड करून बघा. खाजन म्हणजे आपली खाजन शेतं, नदीच्या भरतीला बांध घालून राखलेली. एस्च्युअरी म्हणजे नदीमुखाचा तो पट्टा, जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं. सॅलिनिटी म्हणजे मातीतला खारेपणा. राहिला ऑर्गॅनिक कार्बन: मातीत कुजत असलेल्या पानामुळांतून आलेला. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथे कुजणं संथ चालतं आणि कार्बन साठून राहतो. हवामानबदलावर काम करणाऱ्यांना खारफुटीत आणि खाजनात रस असतो तो या साठ्यामुळे.

म्हणजे व्याख्यान कशाबद्दल? बांध घातलेल्या शेतात माती किती खारट आहे आणि तिच्यात किती कार्बन साठलाय, याबद्दल. आता ज्याने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी बघितली आहे त्याला पुढचं सुचायला लागेल. भरतीचं पाणी चढलं की दाबाने मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मासळीच्या लोभाने कुणी दारं नको त्या वेळी उघडी ठेवली तर खारं पाणी शेतात घुसतं. मग संशोधकाने मातीचे नमुने घेतले ते मानशीची पावणी, म्हणजे मासळीसाठी लिलाव, झालेल्या शेतातून की नीट राखलेल्या? पावसाने मीठ धुऊन गेल्यावर घेतले की मार्चात? शीर्षक उलगडताना असा एखादा प्रश्न मनात आला की समजा व्याख्यान तुमच्यासाठी आहे.

सारांशात आणखी तीन गोष्टी शोधा: पुरावा कुठून आणला, किती काळाचा आहे, आणि दावा काय आहे. सारांशात दावाच नसेल, नुसतं ‘विविध पैलूंचा वेध’ असं मोघम असेल, तर मी तरी पठार चढत नाही.

आदल्या दिवशीचा अर्धा तास

वक्त्याचं नाव शोधून त्याच विषयावरचा त्याचा एखादा लेख उघडा. सगळा वाचायची गरज नाही. सुरुवातीचा सारांश, शेवटचा निष्कर्ष आणि मधले आलेख किंवा नकाशे एवढं पुरे. वक्त्याचा लेख सापडला नाही तर ‘शोधगंगा’वर जा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, आणि गोव्यावरचे बरेच आहेत. प्रबंधाचं पहिलं प्रकरण हे बहुधा त्या विषयाची सगळ्यात सोपी ओळख असते, कारण मार्गदर्शक ते पुनःपुन्हा लिहायला लावतात.

मग वहीच्या एका पानावर विषयातले सात-आठ शब्द आणि त्यांचे अर्थ मराठीत लिहून ठेवा. व्याख्यान बहुधा इंग्रजीतच असणार. मराठी माध्यमात शिकलेल्याला इंग्रजी वाक्यं कळतात, पण अडतो तो एकाच न कळलेल्या संज्ञेपाशी. तिचा विचार करेपर्यंत वक्ता तीन स्लाइड पुढे गेलेला असतो. हे पान मांडीवर असलं की अडणं थांबतं. शेवटी एक प्रश्न लिहा, व्याख्यान ऐकायच्या आधीच. तो विचारायचा नाही. त्याचं उत्तर मिळतंय का हे बघत ऐकायचं.

जाणं-येणं

विद्यापीठ पणजीच्या कदंब बसस्थानकापासून सात-आठ किलोमीटरवर. बस आहेत, पण वेळा स्थानकावर विचारून घ्या. मडगाव किंवा वास्कोहून येणाऱ्याने पणजीपर्यंत जायची गरज नाही. बांबोळीला गोमेकॉपाशी (गोवा वैद्यकीय महाविद्यालयापाशी) उतरून पुढचं अंतर रिक्षा किंवा पायलटने, म्हणजे दुचाकी टॅक्सीने, काटता येतं. डिचोली, वाळपई, पेडण्याकडच्यांना आधी पणजी गाठणं भागच.

खरा घोळ परतीचा. व्याख्यानं चार-साडेचारला सुरू होतात, प्रश्नोत्तरं धरून सहा वाजतात, आणि त्यानंतर पठारावरून बस मिळेलच यावर विसंबू नये. वाळपईची किंवा काणकोणची शेवटची गाडी कितीला, हे निघण्याआधी माहीत हवं. सोपा उपाय: चहाच्या वेळी ‘पणजीपर्यंत कुणी जातंय का?’ असं सरळ विचारा. सोडणारा एखादा भेटतोच, आणि गाडीतल्या त्या पंधरा मिनिटांत व्याख्यानावर जी चर्चा होते ती सभागृहातल्या चर्चेहून मोकळी असते.

पावसाळ्यात पठारावरचा वारा छत्री उलटी करतो. रेनकोट बरा. उन्हाळ्यात उलट: बाहेर घामाच्या धारा आणि आत वातानुकूलन इतकं की पाऊण तासात बोटं गारठतात. ज्येष्ठांनी शाल सोबत घ्यावी. इमारती एकमेकींसारख्याच दिसतात, तेव्हा महाशाळेचं नाव आणि खोली लिहून घ्या आणि पंधरा मिनिटं आधी पोचा.

आत बसल्यावर

पहिली रांग पाहुण्यांची असते, शेवटची हजेरीपुरत्या आलेल्या विद्यार्थ्यांची. तिसरी-चौथी गाठा. पडद्यावरची बारीक अक्षरं दिसतात आणि उठून जायची वेळ आली तर कुणाच्या अंगावरून जावं लागत नाही. सत्कार, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन यात दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात आपलं शब्दांचं पान एकदा नजरेखालून घाला.

पहिली दहा मिनिटं जिवाचे कान करून ऐका. संशोधक आपला प्रश्न काय आणि तो का पडला हे तेव्हा सांगतो. तेवढं निसटलं तर पुढचं सगळं मोकळे आकडे. मधल्या वीस मिनिटांत पद्धतीचं वर्णन येतं. ते पूर्ण कळलं नाही तरी चालेल. पण आलेखावर डोळे मिटू नका. आलेख वाचण्याचा क्रम ठरवून टाका. आधी आडव्या अक्षावर काय आहे, मग उभ्यावर काय आहे आणि कोणत्या मापात, मग उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का. अक्ष चाळीसपासून सुरू केला की बेचाळीस आणि चव्वेचाळीसमधला फरक डोंगराएवढा दिसतो. त्यानंतर ठिपके किती आहेत ते बघा. सहा शेतांतून घेतलेल्या नमुन्यांवरून अख्ख्या तिसवाडी तालुक्याबद्दल बोलणं धाडसाचं असतं, आणि चांगला संशोधक ते स्वतःहून कबूल करतो. ठिपक्यांवर उभ्या काड्या असतील तर त्या अनिश्चितता दाखवतात. काड्या लांबलचक आणि एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या तर दोन गटांतल्या फरकावर फार भिस्त ठेवू नये.

‘पी व्हॅल्यू 0.05 पेक्षा कमी’ हे वाक्य हमखास येतं. पुष्कळांना वाटतं, म्हणजे निष्कर्ष 95 टक्के खरा. तसं नाही. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी आहे, इतकंच ते सांगतं. फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा आहे की किरकोळ, याबद्दल ते गप्प असतं.

इतिहास किंवा समाजशास्त्राच्या व्याख्यानात आलेखांची जागा कागदपत्रं घेतात. तिथे कान टवकारायचे ते ‘कोणत्या दप्तरात?’ यासाठी. गोव्याच्या पुराभिलेखागारात ‘मॉन्सून बुक्स’ म्हणून ओळखली जाणारी बाडं आहेत: लिस्बन आणि गोव्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून चाललेला सरकारी पत्रव्यवहार. त्यावरून लिहिलेला इतिहास राज्यकर्त्याच्या नजरेचा असणार हे उघड आहे. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा हे नव्या काबिजादीतले भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आले. तिथला व्यवहार मोडी लिपीतल्या मराठीतही चालत होता. वक्ता त्या भागाबद्दल बोलत असेल आणि सगळे दाखले पोर्तुगीज कागदांचेच असतील, तर विचारण्याजोगा प्रश्न आपोआप तयार झाला.

टिपणं थोडकी ठेवा. मी वहीचं पान दुमडून डावीकडे वक्ता काय म्हणाला ते आणि उजवीकडे मला काय वाटलं ते लिहितो. स्लाइडचे फोटो काढण्याआधी विचारा. बरीच माहिती अजून छापून यायची असते, आणि ती समाजमाध्यमांवर फिरली तर संशोधकाचं नुकसान होतं. फोन मूक ठेवावा हे सांगायला नको, तरी प्रत्येक व्याख्यानात एकाच्या खिशातून आरती वाजतेच.

प्रश्न विचारताना

‘प्रश्न कोणाला?’ असं अध्यक्ष म्हणतात आणि सभागृहात शांतता पसरते. त्या वेळी हात वर करणाऱ्याला माईक नक्की मिळतो. पुढे गर्दी होते, तेव्हा पहिला किंवा दुसरा प्रश्न आपला असावा.

नाव आणि गाव सांगा, लगेच प्रश्नावर या. प्रास्ताविक नको. दर व्याख्यानात एक गृहस्थ असे असतात जे ‘माझा प्रश्न नाही, फक्त एक विचार मांडतो’ म्हणून उभे राहतात आणि अध्यक्षांनी घड्याळ दाखवेपर्यंत बसत नाहीत. त्यांच्यामुळे मागच्या चार जणांचे प्रश्न राहून जातात.

मराठीत विचारायला मुळीच बिचकू नका. वक्ता गोव्याचा किंवा महाराष्ट्रातला असेल तर अडचणच नाही. परप्रांतीय किंवा परदेशी असेल तर व्याख्यानाआधीच संयोजक प्राध्यापकांना गाठून सांगून ठेवा: ‘सर, मी मराठीत विचारीन, तुम्ही इंग्रजीत सांगाल का?’ आनंदाने करतात. ऐनवेळी सांगितलं तर गोंधळ होतो, म्हणून आधी. प्रश्न दोन वाक्यांत बसवा, म्हणजे भाषांतर करणाऱ्याच्या हातून काही सांडत नाही.

चांगला प्रश्न कसा असतो? खाजनाच्याच व्याख्यानात ‘सरकार खाजन वाचवायला काय करतंय?’ असं विचारलं तर संशोधक हसून ‘ते सरकारला विचारा’ म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याऐवजी: ‘आमच्या गावात बांध फुटून शेतात खारफुटी वाढली आहे. ती जमीन पुन्हा भाताखाली आणली तर मातीत साठलेल्या कार्बनचं काय होतं, हे तुम्ही मोजलंय का?’ याला उत्तर द्यावंच लागतं. ‘मोजलेलं नाही’ हेही उत्तरच, आणि तुमच्या गावाचं नाव त्याच्या वहीत जातं. आपल्याला माहीत असलेली एखादी गोष्ट आणि त्याने सांगितलेली एखादी, यांच्या सांध्यावर बोट ठेवायचं. वक्त्याला अडचणीत आणायच्या हेतूने विचारलेले प्रश्न सभागृहाला लगेच ओळखू येतात.

तोंडी परीक्षेला बसला असाल तर अध्यक्षांनी श्रोत्यांना संधी दिली तरच बोला. तिथे एका उमेदवाराच्या पदवीचा प्रश्न असतो.

नंतरची वीस मिनिटं

आभारप्रदर्शन संपलं की अर्धे लोक दाराकडे धावतात. तुम्ही चहाच्या टेबलाकडे जा. चहा आणि बटाटवडा असेल तर खाऊन घ्या, संकोच करू नका, श्रोत्यांसाठीच असतो. वक्त्याभोवती विद्यार्थ्यांचा गराडा असतो, तो ओसरेपर्यंत त्याच्या सहकाऱ्यांशी किंवा संशोधक विद्यार्थ्यांशी बोला. शेतातून नमुने आणणारे, दप्तरं चाळणारे बहुधा तेच असतात, आणि व्याख्यानात न आलेल्या अडचणी त्यांच्याकडून ऐकायला मिळतात.

वक्त्याशी बोलताना एकच गोष्ट मागा: ‘तुमचा या विषयावरचा लेख पाठवाल का?’ नियतकालिकांचे लेख विकत घ्यायला गेलं तर महाग पडतात, पण लेखक स्वतः मागणाऱ्याला प्रत पाठवतात. दोन दिवसांत आठवणीची मेल करा, तीत व्याख्यानाची तारीख आणि तुमचा प्रश्न लिहा, म्हणजे चेहरा आठवेल.

इथे एक सावधगिरी. इतिहासाच्या व्याख्यानाला घरातली मोडी कागदपत्रं, सनदा, जुनी हिशेबाची चोपडी घेऊन येणारे भेटतात. उत्साहाच्या भरात मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, मग तो कितीही मोठा विद्वान असो. फोनवर चांगल्या उजेडात, कागद सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि ते पाठवा. मूळ कागद द्यायचेच असतील तर व्यक्तीला न देता संस्थेला द्या, लेखी पोच घेऊन, कोणत्या अटींवर दिले ते नमूद करून. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह आहे. दप्तर नीट संस्थेत गेलं की पुढच्या अभ्यासकाला कसं उपयोगी पडतं, हे तिथे जाऊन बघता येतं. ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला बसायला काय लागतं हे त्याच फेरीत काउंटरवर विचारून या.

वक्त्याला गावात आणायचं असेल तर

काही व्याख्यानं अशी असतात की ती पठारावर तीस जणांनी ऐकण्यापेक्षा गावच्या वाचनालयात शंभर जणांनी ऐकावीत. खाणींमुळे विहिरींवर झालेले परिणाम, कुळागरांतले पाटाचे पाणी, आपल्याच तालुक्याचा इतिहास. संशोधकांना अशी बोलावणी आवडतात. संस्थांकडूनही लोकांपर्यंत पोचण्याची अपेक्षा असतेच.

महिनाभर आधी पत्र द्या. त्यात श्रोते कोण असतील, साधारण किती, बोलणं मराठीत हवं की कोकणीत, आणि नेण्या-आणण्याची सोय काय, हे स्पष्ट लिहा. मानधन देणार नसाल तर तेही लिहा. त्यावाचून कुणी रुसत नाही, पण शेवटपर्यंत मोघम ठेवलं की अवघडल्यासारखं होतं. प्रोजेक्टर पंचायतीकडून किंवा शाळेकडून मिळतो, तो आदल्या संध्याकाळी लावून बघा. वीज गेली तर काय, हे वक्त्याला आधीच विचारा. अनुभवी वक्ता चार-पाच नकाशे छापून आणतो. शीर्षक मराठीत तुम्हीच सुचवा, पत्रकावर ‘सॉइल सॅलिनिटी’ छापलंत तर वाचनालयाचे सभासदसुद्धा येणार नाहीत. ‘आमच्या खाजनाची माती’ म्हटलं तर बांधावरचा माणूस येईल. आणि तारीख पक्की करण्याआधी देवस्थानात विचारून घ्या. त्याच रात्री जत्रेचं दशावतारी असलं तर समुद्रविज्ञान संस्थेचा संचालक आणलात तरी मांडवात तुम्ही, वक्ता आणि माईकवाला एवढेच उराल.